आगाम्बेन लातुरात वाचायचा असेल तर

माननीय कुलगुरू,
स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ,
विष्णुपुरी, नांदेड



गेल्या काही वर्षांत राज्यशास्त्राच्या चर्चासत्रांत इटलीतली काही नावे वारंवार ऐकू येऊ लागली आहेत. जॉर्जो आगाम्बेन, रोबेर्तो एस्पोसितो, आन्तोनियो नेग्री. आणि त्यांच्याही आधीपासून ग्राम्शी. ही नावे शोधनिबंधांत येतात, पीएच.डी.च्या प्रबंधात दुसऱ्या प्रकरणात ‘सैद्धांतिक चौकट’ या मथळ्याखाली येतात आणि तिसऱ्या प्रकरणापासून दिसेनाशी होतात. तिथून पुढे गावाची पाहणी, प्रश्नावली आणि तक्ते सुरू होतात. आगाम्बेनने जे म्हटले ते त्या गावात खरे ठरले की खोटे, हे प्रबंधात कुठेच येत नाही आणि मौखिक परीक्षेत कुणी विचारतही नाही. महाराष्ट्रभर कमीअधिक फरकाने हेच चालते. हे मी आपल्यालाच लिहितो आहे, कारण हा प्रकार मोडायला नांदेड आणि लातूर यांच्याइतकी योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नाही अशी माझी खात्री आहे. का, ते आधी सांगतो आणि मग मागणी करतो.

आगाम्बेनचे ‘होमो साकेर’ इटालियनमध्ये १९९५ साली आले, इंग्रजीत १९९८ साली. प्राचीन रोमन कायद्यातला एक माणूस त्याने पुढे आणला: ज्याला कुणीही मारावे आणि तो खून ठरू नये, पण ज्याचा देवाला बळीही देता येत नाही. कायद्याने बाहेर टाकलेला, आणि बाहेर टाकूनच कायद्याच्या मुठीत ठेवलेला हा जीव म्हणजे पाश्चात्त्य राजसत्तेचा पाया आहे, असे त्याचे म्हणणे. पुढे ‘अपवादस्थिती’वरच्या २००३ सालच्या पुस्तकात त्याने दाखवले की संकटाच्या नावाखाली कायदा बाजूला ठेवणे हे आता राज्य चालवण्याचे नेहमीचे तंत्र झाले आहे. वायमार राज्यघटनेचे ४८ वे कलम आणि अमेरिकेचा १३ नोव्हेंबर २००१ चा लष्करी आदेश ही त्याची उदाहरणे. हा विचार ताकदीचा आहे. आणीबाणी पाहिलेल्या, २८ एप्रिल १९७६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि त्यात एकट्या न्यायमूर्ती खन्नांनी नोंदवलेले मतभेदाचे मत वाचलेल्या कुणालाही तो भिडतो.

आता तो लातुरात आणून पाहू.

मार्च २०१६. मांजरा धरण कोरडे पडले होते. शहराला नळाचे पाणी नव्हते, टँकरवर गर्दी आणि भांडणे होती. जिल्हा प्रशासनाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमाखाली पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याची ठिकाणे यांच्याजवळ जमावबंदी लावली. पाचांहून अधिक माणसांनी पाण्यापाशी एकत्र यायचे नाही. पुढच्याच महिन्यात, १२ एप्रिलला, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. पाच लाख लिटर पाणी घेऊन. देशभरच्या वर्तमानपत्रांनी रेल्वेचे फोटो छापले. जमावबंदीचा आदेश मात्र बातमीपुरता राहिला. माझ्या मते राजकीय तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने त्या उन्हाळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तो आदेश होता. तहानलेल्या माणसांचा घोळका हा सार्वजनिक शांततेला असलेला धोका आहे, असे राज्यसंस्थेने कागदावर लिहून दिले होते.

आगाम्बेन वाचलेला विद्यार्थी इथे चटकन म्हणेल, ‘हीच ती अपवादस्थिती.’ त्याला तिथेच थांबवून पुढचे विचारले पाहिजे. त्या दिवशी कोणता कायदा स्थगित झाला होता? एकही नाही. घटना जागेवर होती, न्यायालये उघडी होती. वापरले गेले ते इंग्रजांच्या काळापासून चालत आलेले, अगदी साधे, रोजच्या वापरातले कलम. हेच कलम मोर्च्यावर लागते, यात्रेत लागते. दरवर्षी दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की केंद्राच्या शंभर मीटरच्या आत तेच लागते आणि आसपासची झेरॉक्सची दुकाने बंद होतात. लातूरसारख्या शिकवण्यांच्या गावात प्रत्येक आईबापाला ते तोंडपाठ आहे. १ जुलै २०२४ पासून जुनी संहिता गेली, नवी आली, कलमाचा आकडा १६३ झाला. व्यवहार तोच राहिला. म्हणजे आपल्याकडे ‘अपवाद’ हा सार्वभौम सत्तेने एखाद्या भयंकर रात्री घेतलेला निर्णय नसतो. तो हंगामी असतो, तालुका कार्यालयातल्या छापील नमुन्यावर तारीख घालून निघतो. आगाम्बेनची मांडणी ज्या घटकेवर उभी आहे ती कायदा थांबण्याची घटका लातुरात सापडतच नाही. इथे कायदा थांबत नाही, तो चालूच असतो आणि चालू असतानाच माणसाला पाण्यापासून दूर ठेवतो.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. तो आदेश सर्वांसाठी होता, पण पाण्यापाशी गर्दी कुणाची होती? ज्यांच्या अंगणातल्या बोअरला पाणी होते किंवा ज्यांना खासगी टँकर परवडत होता ती माणसे त्या गर्दीत नव्हती. घागरी आणि कॅन घेऊन बाया आणि पोरे होती. मजकुरात कुणाचेही नाव नसताना आदेशाने आपली माणसे निवडली होती. इटलीतून आलेल्या पुस्तकात सत्ता आणि जीव असे दोघेच समोरासमोर आहेत. आपल्याकडे त्या दोघांच्या मध्ये समाज उभा असतो, आणि पुष्कळदा जीव घेतो तो समाजच.

महाडचे चवदार तळे आठवा. मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव १९२३ साली झाला, त्याला धरून महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले. कायदा उघडा होता. तरीही २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन त्या पाण्यापर्यंत चालत जावे लागले, आणि परतताना त्या माणसांना मार खावा लागला. पुढे दिवाणी दावा झाला, मनाई हुकूम आला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडले. पण मुळात त्या पाण्यावरची बंदी कुणी घातली होती? कोणत्या सार्वभौमाने अपवाद जाहीर केला होता? कुणीही नाही. अस्पृश्यता हा नियमाचा अपवाद नव्हता, नियमच तो होता, आणि तो अमलात आणायला शिपाईसुद्धा लागत नव्हता. ‘अपवाद कोण ठरवतो’ हा प्रश्न कार्ल श्मिटने विचारला आणि आगाम्बेनने पुढे नेला. चवदार तळ्याच्या काठी तो प्रश्नच अपुरा पडतो. तिथे विचारावे लागते की कुणीही न ठरवता हे शेकडो वर्षे चालले कसे.

आगाम्बेनला हे सांगितले गेले नाही असे नाही. २६ फेब्रुवारी २०२० ला त्याने करोनाची साथ म्हणजे सरकारांना अपवादस्थिती लादायला मिळालेले निमित्त आहे असा लेख लिहिला. त्याचा मित्र, फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-लुक नान्सी याने लगेच उत्तर दिले. हृदयाचे रोपण करून घेऊ नकोस असा सल्ला आगाम्बेनने आपल्याला पूर्वी दिला होता, तो ऐकला असता तर आपण कधीच मेलो असतो, हेही त्याने त्यात सांगितले. एस्पोसितोने वेगळी बाजू मांडली. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात दिव्या द्विवेदी आणि शाज मोहन या दोन भारतीय तत्त्वज्ञांनी आगाम्बेन आणि नान्सी दोघांनाही उत्तर लिहिले. भारतात अपवाद ठरलेली माणसे पिढ्यानपिढ्या भरलेली आहेत, त्यामुळे अपवादस्थिती ‘पसरते आहे’ या म्हणण्याला इथे अर्थच उरत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. तो युरोपातल्या नियतकालिकात छापला गेला आणि तिथे वाचला गेला. मराठी वर्गात आगाम्बेन शिकवताना त्याच्या शेजारी हे उत्तर ठेवले जात नसेल, तर आपण त्याला अर्धाच शिकवतो.

त्याच महिन्यांत नांदेडमध्ये काय घडत होते? होला मोहल्ल्यासाठी तख्त श्री हजूर साहिबला आलेले पंजाबातले हजारो यात्रेकरू टाळेबंदीमुळे इथे अडकले. संगतीसाठी लंगर चालू राहिला. एप्रिलच्या अखेरीस पंजाब सरकारच्या बसगाड्या आल्या, यात्रेकरू परतले, त्यांतल्या शेकडो जणांना लागण झाल्याचे तपासणीत दिसले आणि दोन राज्यांत आरोप-प्रत्यारोप सुरू झाले. आगाम्बेनला वाईट वाटत होते ते हे की, निव्वळ जगून राहण्यासाठी लोकांनी शेजार, धर्म, मैत्री सगळे सोडून दिले. इटलीतल्या शहरांबद्दल ते खरे असेल. नांदेडमध्ये पंगत मोडली नाही. आणि साथीचे भयही खोटे नव्हते. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. त्या एकत्र धरून विचार करणारा एक निबंध आपल्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने लिहिला, तर तो रोममध्येही वाचण्यासारखा होईल. हे मी उत्साहाच्या भरात लिहीत नाही.

आता लातूर जिल्ह्यातल्या धनेगावकडे येऊ. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि १९८८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे पुस्तक ‘होमो साकेर’च्या आठ वर्षे आधी आले. त्याचा इंग्रजी अनुवाद साहित्य अकादमीने १९९८ साली काढला, ज्या वर्षी आगाम्बेनचे पुस्तक इंग्रजीत आले त्याच वर्षी. जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमातीतल्या मुलाची ही कहाणी आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. माणसाने काही करण्याआधीच त्याचा गुन्हा नोंदवून ठेवणारा. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का पुसला गेला. पोलिसाच्या डोक्यातून तो पुसला गेला नाही. घरावर रात्री पडणारी धाड, बायकांना होणारी मारहाण, हप्ता, भूक, शाळेत नाव घालताना झालेला विरोध हे सगळे ‘उचल्या’त आहे. कायद्याच्या बाहेर आणि तरीही कायद्याच्या मुठीत, हे आगाम्बेनचे वर्णन इथे शब्दशः लागू पडते.

तरीही ‘उचल्या’ आगाम्बेनला एका जागी नाकारतो, आणि ती जागा निर्णायक आहे. आगाम्बेनने वर्णिलेल्या नाझी छावणीत शेवटी उरतो तो न बोलणारा जीव. आउश्वित्झवरच्या त्याच्या पुस्तकात तर साक्ष देऊच न शकणारा माणूस केंद्रस्थानी आहे. धनेगावचा मुलगा बोलतो. त्याच्या समाजाला स्वतःची पंचायत आहे, कसब आहे, नाती आहेत, आपसातले अन्याय आहेत. तो गिरणीत कामगार होतो, संघटना बांधतो, भटक्या-विमुक्तांच्या चळवळीत उभा राहतो. त्याला आगाम्बेनच्या शब्दांत ‘नागवा जीव’ म्हटले की त्याच्यावरचा अन्याय दिसतो, पण त्याचे राजकारण दिसेनासे होते. नेग्रीनेही आगाम्बेनवर याच अंगाने आक्षेप घेतला आहे. लातूरच्या वाचकाकडे मात्र त्या आक्षेपाचा पुरावा मराठीत, जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, छापील उपलब्ध आहे. उपेक्षितांच्या आत्मकथनांना आपण मराठी विभागाच्या अभ्यासक्रमात ठेवले आणि सिद्धांत राज्यशास्त्र विभागात इंग्रजीत ठेवले. या दोघांची गाठच पडू दिली नाही. माझ्या मते हे आपल्या विद्यापीठीय जीवनाचे मोठे नुकसान आहे.

इटालियन राजकीय विचार मराठीत पहिल्यांदा येतो आहे असेही नाही. १९०६ साली लंडनला गेलेल्या सावरकरांनी मॅझिनीच्या आत्मचरित्रपर लेखनाचा अनुवाद केला. तो १९०७ साली प्रसिद्ध झाला, सरकारने त्यावर बंदी घातली, तरुणांनी तो लपवून वाचला. त्या अनुवादाने माणसे घडवली, तुरुंगात पाठवली. त्याचे मोल मी कमी करत नाही. पण मॅझिनीशी वाद त्या वाचनात झाला नाही. माणसाचे पहिले कर्तव्य मानवजातीशी, देश त्यानंतर, असे कामगारांना सांगणारा मॅझिनी मागे पडला आणि गुप्त संघटनेचा मॅझिनी पुढे आला. त्याची चिकित्सा केली ती गांधीजींनी. १९०९ साली ‘हिंद स्वराज’ गुजरातीत लिहिताना त्यांनी इटली आणि हिंदुस्थान यांच्यावर स्वतंत्र प्रकरण घातले आणि विचारले की, ऑस्ट्रियाचे राज्य जाऊन व्हिक्टर इमॅन्युएलचे आल्यावर इटलीच्या सामान्य माणसाला काय मिळाले. मॅझिनीची आकांक्षा अपुरीच राहिली, असा त्यांचा निष्कर्ष होता. एकाच विचारवंताकडून दोघांनी दोन वेगळी राजकारणे उचलली, आणि त्यांतले अनुवादाचे काम मराठीत होऊनही वादाचे काम मराठीबाहेर झाले. शंभर वर्षांनी आपण पुन्हा तेच करू नये.

वाद घालायची परंपरा तर नांदेडची स्वतःची आहे. पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर होते. त्यांनी मनुस्मृती वाचली ती ना हात जोडून, ना न वाचताच झिडकारून. ओळ न् ओळ वाचून, तिचा समाजरचनेतला हेतू उघड करून त्यांनी ती नाकारली. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामातल्या ज्या नेत्यांबद्दल त्यांना अपार आदर होता, त्यांच्याबद्दलही ते कठोर प्रश्न विचारत. नांदेडातल्या वजिराबादच्या भाषणात आणि पुण्याच्या भाषणात त्यांनी श्रोत्याची पातळी वेगळी धरली नाही. १९८२ साली ते गेले. कुरुंदकरांनी आगाम्बेन कसा वाचला असता, हा प्रश्न आपल्या प्रत्येक शोधविद्यार्थ्याला विचारायला हवा.

ग्राम्शीबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण मराठवाड्याला खरी गरज त्याच्या एका अपूर्ण राहिलेल्या निबंधाची आहे. ग्राम्शी सार्डिनियाचा, बाबासाहेबांच्याच साली, १८९१ मध्ये जन्मलेला. नोव्हेंबर १९२६ मध्ये त्याला अटक झाली, त्याच्या जरा आधी तो इटलीच्या ‘दक्षिणेच्या प्रश्ना’वर लिहीत होता. दक्षिण मागास का? तिथली माणसे जन्मजात आळशी आहेत म्हणून, असे उत्तरेत सर्रास सांगितले जाई, आणि उत्तरेतला कामगारही ते मानत असे. ग्राम्शीने ते खोडून काढले आणि पुढे जाऊन दाखवले की दक्षिणेतला शेतकरी जमीनदाराशी बांधला जातो तो तिथल्याच शिकलेल्या मध्यमवर्गामार्फत: वकील, शिक्षक, धर्मगुरू, लेखक यांच्या हातून.

मराठवाड्याच्या अनुशेषावर आपण किती बोललो! १९५३ चा नागपूर करार, घटनेचे ३७१(२) कलम, १९७४ चे विकास आंदोलन, १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल, १९९४ ला आलेली आणि एप्रिल २०२० ला मुदत संपलेली वैधानिक विकास मंडळे. या सगळ्यात प्रश्न नेहमी ‘त्यांनी’ आपल्याला काय दिले नाही असा राहिला. ते विचारणे रास्तच आहे. पण ग्राम्शी वाचला की दुसरा प्रश्न टाळता येत नाही: इथल्या शिकलेल्या वर्गाने, म्हणजे आपण प्राध्यापकांनी, वकिलांनी, संपादकांनी, संस्थाचालकांनी कुणाला कुणाशी बांधून ठेवले?

आणि मग ग्राम्शीलाही इथून उत्तर द्यावे लागते. प्रदेश एकसंध नसतो. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांचा खून झाला. विकासाच्या चळवळीतले काही आदरणीय नेते नामांतराच्या विरोधात उभे होते. मराठवाड्यावर अन्याय होतो असे म्हणणाऱ्या तोंडांनीच मराठवाड्यातल्या अन्यायाबद्दल मौन धरले. नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्याच वर्षी, १७ सप्टेंबरला, आपले विद्यापीठ जन्मले. दक्षिणेच्या प्रश्नावर लिहिणाऱ्या ग्राम्शीपुढे जात नव्हती. आपल्यापुढे ती आहे, आणि या विद्यापीठाच्या जन्मवर्षातच आहे. ग्राम्शी आणि आंबेडकर यांना एकत्र वाचणारा एक इंग्रजी ग्रंथ कोसिमो झेने यांनी २०१३ साली संपादित करून लंडनहून काढला. ते काम नांदेडहून, मराठीतून अधिक खोल होऊ शकते, कारण त्याचे साक्षीदार अजून इथल्या गावांत हयात आहेत.

म्हणून आपल्याकडे मागणी करतो. विद्यापीठाने इटालियन राजकीय विचारांचे एक मराठी वाचन-पुस्तक सिद्ध करावे. त्यात मूळ उतारे इटालियन जाणणाऱ्या माणसाने केलेल्या अनुवादात असावेत. इंग्रजीवरून केलेला अनुवाद निदान मुळाशी ताडून घेतलेला असावा. प्रत्येक उताऱ्यापुढे इथल्या अभ्यासकाने लिहिलेले उत्तर असावे, नुसता सारांश नको. पहिला मजकूर ग्राम्शीच्या दक्षिणेवरच्या निबंधाचा घ्यावा आणि त्याच्यासमोर अनुशेष व नामांतर यांवरचे लेखन यावे. आगाम्बेनसमोर ‘उचल्या’ आणि २०१६ चा लातूरचा आदेश यावा. हे काम लातूरच्या उपकेंद्राकडे सोपवावे आणि त्यात मराठी, इतिहास, राज्यशास्त्र हे विभाग एकत्र बसवावेत. पदव्युत्तर परीक्षेत ‘आगाम्बेनच्या संकल्पना स्पष्ट करा’ या जागी ‘लातूरच्या पाणीटंचाईच्या संदर्भात आगाम्बेनची मांडणी तपासा’ असा प्रश्न घालावा. त्याला एक रुपयाही खर्च नाही.

मराठीतून असे पुस्तक कोण वाचणार, ही शंका मला मान्य नाही. औसा, उदगीर, देगलूर, मुखेडहून बसने येणारी मुले कठीण मजकूर वाचतात. त्यांना इंग्रजीचे ओझे आणि गाईडचा सोपेपणा या दोहोंच्या मधले काही दिलेच जात नाही. ती मुले विद्यापीठात यायच्या आधीच पाण्याची रांग, जमावबंदी, जातपंचायत आणि अनुशेष पाहून आलेली असतात.

येत्या १७ सप्टेंबरला विद्यापीठाचा वर्धापनदिन आहे. त्या दिवशी आपण या ग्रंथाची घोषणा करावी आणि संपादक मंडळ नेमावे, अशी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

आपला,
लातूरच्या एका महाविद्यालयातला राज्यशास्त्राचा शिक्षक